नागीण : पहिले बहात्तर तास



नागिणीचं तोंड आणि शेपूट एकत्र आलं की माणूस जगत नाही, ही समजूत तुमच्यापैकी बहुतेकांनी घरात ऐकली असेल. प्रत्यक्षात हा आजार एका नसेच्या वाटेने त्वचेवर येतो आणि त्या नसेची हद्द छाती-पाठीच्या मध्यरेषेवर संपते. म्हणून फोड एकाच बाजूला, अर्ध्या पट्ट्यासारखे उठतात. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या रुग्णात ते क्वचित अंगभर पसरतात. पण तोही नागिणीने घातलेला वेढा नसतो.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू शरीर सोडत नाही. मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत तो वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो आणि वय वाढलं, प्रतिकारशक्ती उणावली की उठतो. हा विचार १९६५ साली नीट मांडला तो इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टरच्या एका फॅमिली डॉक्टरने, एडगर होप-सिम्पसन यांनी. स्वतःच्या रुग्णांच्या सोळा वर्षांच्या नोंदी त्यांच्यापाशी होत्या. छोट्या गावातल्या दवाखान्यातून एवढं काम उभं राहिलं, याचं मला फार मोल वाटतं.

निदानातली खरी अडचण अशी की फोड येण्याआधीच दोन-चार दिवस दुखू लागतं. छातीत दुखलं की ईसीजी, कुशीत दुखलं की सोनोग्राफी. ते करायलाच हवं. पण माझ्या तरुण डॉक्टर मित्रांना माझं सांगणं आहे, रुग्णाचा सदरा काढून पाठ पाहा. कपड्याचा नुसता स्पर्श सहन होतो का, हे विचारा. तरुण माणसाला नागीण झाली असेल, तर त्याच्याशी बोलून एचआयव्हीची तपासणीही सुचवा.

औषध आहे आणि ते साधं आहे. असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस; किंवा व्हॅलासायक्लोव्हिर एक ग्रॅम, तीन वेळा. मूत्रपिंड कमकुवत असेल तर मात्रा कमी करावी लागते, म्हणून स्वतःच्या मनाने घेऊ नका. फोड उठल्यापासून बहात्तर तासांत गोळी सुरू झाली तर सर्वाधिक फायदा होतो. नेमके हेच तीन दिवस आपल्याकडे गेरूच्या लेपात आणि मंत्र घालणाऱ्याच्या दारात जातात. तीन दिवस उलटूनही नवे फोड येत असतील, तर औषध तेव्हाही द्यावं.

नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. तिथली नस डोळ्यालाही जाते आणि दृष्टी जाऊ शकते. कानात फोड येऊन तोंड वाकडं झालं, तरी तितकीच घाई करा.

फोड सुकल्यावर काहींची आग मात्र राहते. तीन महिने उलटूनही पदराचा स्पर्श, पंख्याचा वारा सोसवत नाही. वय जितकं जास्त, तितका हा धोका अधिक. साध्या वेदनाशामकांनी ती सहसा हटत नाही. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन यांचा उपयोग होतो, पण प्रत्येकाला पुरता नाही. “आता बरं झालंय, मनाचे खेळ आहेत,” असं घरच्यांनी म्हणू नये. ती वेदना खरी असते.

पन्नाशीनंतर घ्यायची लस भारतात २०२३ पासून मिळते. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. पन्नाशीपुढच्यांवरील मोठ्या चाचणीत तिने सुमारे ९७ टक्के संरक्षण दिलं. ती महाग आहे, हे मला टोचतं. तरीही मधुमेही आणि वयस्करांनी आपल्या डॉक्टरांशी तिच्याविषयी जरूर बोलावं.

नागीण झालीच, तर फोडांवर खपल्या धरेपर्यंत गरोदर स्त्रिया आणि तान्ह्या बाळांपासून दूर राहा. आणि मंत्र घ्यायचाच असेल, तर आधी डॉक्टरांकडून गोळी सुरू करून मग घ्या. लेप मात्र लावू नका.