बंद फोनमधील अमानत

(वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



माझा विषय मोबाइल फोनचा आहे हे ऐकून विद्यार्थी मनात म्हणाले असतील, आता सर फोनचे दुष्परिणाम सांगणार. तसे नाही. भिजून, मोडून निकामी झालेल्या फोनमधून आतला ऐवज परत मिळवण्याची एक विद्या आहे. तिच्याविषयी मी बोलणार आहे, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करणार आहे.

आमच्या अब्बांच्या इंतकालानंतर त्यांचा आवाज एकाच ठिकाणी उरला होता, तो माझ्या बहिणीच्या फोनमध्ये. सासरी असलेल्या लेकीला ते रोज दोन-चार वाक्ये बोलून पाठवीत. तो फोन पाण्याच्या हौदात पडला. घरातला शिकलेला म्हणून तो माझ्या हाती आला. मी तो दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला आणि मग चार्जरला लावला. फोन तापला व गप्प झाला.

शेवटी तो एका तरुण कारागिराकडे नेला. त्याने फोन उघडून पाहिला आणि म्हणाला, "सर, पाण्यानं जेवढं बिघडवलं नाही, तेवढं चार्जरनं बिघडवलं."

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. आत शिरलेले पाणी तांदूळ ओढून घेत नाही. आपल्या पाण्यात क्षार असतात. त्यातून वीज वाहिली की धातू झिजतो आणि त्यावर गंज चढतो. म्हणून भिजलेला फोन ताबडतोब बंद करावा, चार्जरला मुळीच लावू नये आणि लवकरात लवकर जाणकाराकडे न्यावा. तो आधी बॅटरी सोडवतो व मदरबोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करतो.

पुढचे काम मी त्याच्या शेजारी बसून पाहिले. त्याने मदरबोर्डला मीटर असलेल्या यंत्रातून वीज दिली. बटण दाबण्यापूर्वीच बोर्ड भरमसाट वीज ओढू लागला, म्हणजे कोठेतरी शॉर्ट होता. त्याने बोर्डावर राळेच्या धुराचा पांढरा थर बसवला आणि अगदी कमी व्होल्टेज सोडले. एका जागी राळ वितळून थर पारदर्शक झाला. तेथे राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान असा एक कपॅसिटर जळालेला होता. सूक्ष्मदर्शकाखाली, गरम हवेने डाख वितळवून, त्याने तो अलगद उचलला. त्या वाटेवर तसेच आणखी कपॅसिटर असल्याने एकावाचून काम अडले नाही. पडदा उजळला. बहिणीने कुलपाचा आकडा घातला. त्याने आधी सगळा मजकूर उतरवून घेतला व म्हणाला, "आपा, हा फोन आता वापरू नका. याला फक्त एकदा बोलतं करायचं होतं."

अब्बांचा आवाज ऐकताना आम्हा बहीण-भावांची काय अवस्था झाली, ते सांगत नाही.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशाला? आतली मेमरीची चिप काढून दुसऱ्या फोनला लावावी. पूर्वीच्या बऱ्याच फोनांत ती काढून वाचता येत असे. आता फोनमधील मजकूर सांकेतिक रूपात लिहिला जातो आणि त्याची किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. 2019 साली आलेल्या अँड्रॉइड 10 पासून नव्या फोनांना हे सक्तीचे झाले. म्हणून तोच प्रोसेसर आणि तीच मेमरी जिवंत करावी लागते. बोर्डच दुभंगला असेल तर ही जोडी उचलून दुसऱ्या बोर्डावर बसवतात. त्यातही प्रोसेसरच फुटला, किंवा घाईने कोणी फोन रिसेट केला, तर मोठ्यात मोठा कारागीरही हात टेकतो.

विद्यार्थी मित्रांनो, त्या मुलाने जे वापरले ते नववीच्या पुस्तकातले आहे. ओहमचा नियम आपण दहा गुणांसाठी पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. त्याने तो बोटांत उतरवला. हाताच्या कामाला हलके समजण्याची आपली सवय चुकीची आहे. हुनराला इल्माची जोड मिळाली तर जळकोटसारख्या गावीही माणूस मानाने उभा राहू शकतो. मात्र परक्याचा फोन ही अमानत असते. त्यातील फोटो, हिशेब, घरच्या गोष्टी यांकडे ज्याची नजर वळत नाही, तोच खरा कारागीर.

पालकहो, ऑगस्ट 2025 मध्ये आपल्या शेजारच्या मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगावात पाणी शिरले, हे आपण विसरलेलो नाही. अशा वेळी जीव आधी वाचवायचा असतो, फोन नव्हे. म्हणून तयारी आजच करा. मुलांची कागदपत्रे, घरातल्या वडीलधाऱ्यांचे फोटो व आवाज फोनखेरीज आणखी एका ठिकाणी ठेवा. कुलपाचा आकडा घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा. हे मी आधी केले असते, तर त्या मुलासमोर हात जोडून बसण्याची वेळ आली नसती.