मारबत, मंत्र आणि मुळी

(लोहारा येथें पोळ्याच्या करीच्या दिवशीं झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळीं पोरांनीं मारबत शिवेपलीकडे नेली. गांवचा खोकला, ताप, ढेकूण, डास सारें तिच्या माथीं मारून आपण मोकळे झालों. नागपुरास काळी मारबत इ. स. १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, तेथें तर माणसांचा पूर लोटतो. पुष्कळांस वाटतें कीं असले प्रकार आपल्याच अडाणी मुलखांत चालतात आणि साहेबाचा मुलूख जन्मतःच शहाणा. तें खरें नाहीं. पोलंड देशांत हिवाळा सरतांना गवताची बाई करतात, तिला मार्झाना म्हणतात, मिरवत नेऊन नदींत बुडवतात. तिच्याबरोबर थंडी आणि मरण गेलें अशी जुनी समजूत. (दोन्ही नांवांत 'मार' आहे म्हणून कोणी लगेच नातें जोडूं नये, नुसत्या आवाजावरून सोयरीक जुळत नसते.) जूनच्या २३ तारखेच्या रात्रीं युरोपांत गांवोगांव होळ्या पेटत, तरणीं पोरें त्यांवरून उड्या मारीत, आणि त्या वेळीं तोडलेली वनस्पती दारावर टांगली म्हणजे भूत-चेटूक घरांत शिरत नाहीं असें मानीत. आपण दाराला लिंबाचा डहाळा बांधतों, तेंच हें.

मारबतीशीं माझें भांडण नाहीं. पोरांचा सण आहे, होऊं द्या. पण डास मारबतीनें नेले म्हणून पाण्याची टाकी उपसायची राहिली, तर मात्र भांडण आहे.

आतां औषधाचें पाहूं. आपल्या म्हाताऱ्यांस, गोंड-कोलाम बंधूंस, वैदूंस मुळ्यापाल्याचें जें ज्ञान आहे, तें कोणत्याही पोथींतून आलेलें नाहीं. तें रानांतून आलें. त्याला हंसणारा मनुष्य मूर्ख. आणि न तपासतां गिळणारा त्याच्याहून मूर्ख. इंग्लंडांत एडवर्ड स्टोन नांवाचा एक पाद्री होता. त्यानें विचार केला कीं हिंवताप ओलसर जागीं होतो, विलो नांवाचें झाड ओलसर जागींच वाढतें, तेव्हां देवानें रोगाशेजारीं औषध ठेवलें असलें पाहिजे. विचार सपशेल चुकीचा! आपल्याकडेही फळ दिसतें डोळ्यासारखें म्हणून डोळ्याला चांगलें, असें सांगतातच. पण पाद्रीबुवा तेवढ्यावर थांबले नाहींत. त्यांनीं साल वाळवली, कुटली, मापून सुमारें पन्नास तापकऱ्यांस दिली, काय झालें तें लिहिलें, आणि १७६३ मध्यें तें लेखी पत्र लंडनच्या विद्वत्सभेकडे धाडलें. पुढें त्याच सालींतल्या द्रव्याच्या मागें जातां जातां १८९७ मध्यें जर्मनींत ॲस्पिरीन तयार झालें. विदरिंग नांवाच्या डॉक्टरास एका म्हातारीचा जलोदरावरचा काढा मिळाला. त्यांत वीसेक झाडपाले होते. त्यांतलें खरें काम फॉक्सग्लव्ह या झाडाचें, हें त्यानें ताडलें. तें झाड विषारी. मात्रा चुकली कीं हृदय बंद. दहा वर्षें तो मात्रा बसवीत होता, आणि १७८५ च्या पुस्तकांत त्यानें ज्यांस गुण आला त्यांच्याबरोबर ज्यांस आला नाहीं त्यांचीही हकीकत छापली. आपल्या कोणत्या भगतानें आजवर आपले मेलेले रोगी मोजून दाखवले?

अशी गोष्ट आपल्याकडेही आहे. सर्पगंधा ही मुळी. नांवांतच साप, म्हणून पिढ्यान् पिढ्या ती सर्पदंशावर उगाळून दिली. विषावर ती कुचकामी. परंतु मुंबईचे डॉक्टर रुस्तम वकील यांनीं ती रक्तदाबाच्या रोग्यांस देऊन, मोजमाप ठेवून, १९४९ मध्यें ब्रिटिश मासिकांत निकाल छापला आणि जग चकित झालें. मुळी खरी होती, तिचा रोग आपण चुकीचा धरला होता. अडुळशाचेंही तसेंच, त्याच्या पानांतील द्रव्यावरून बेतलेलें खोकल्याचें औषध आज दवाखान्यांत मिळतें. उलट गुळवेल निरुपद्रवी म्हणून साथीच्या दिवसांत लोकांनीं ती वाटेल तशी घेतली, आणि २०२१ मध्यें मुंबईच्या डॉक्टरांनीं तिनें यकृत बिघडलेले रोगी दाखवले.

काविळीचा मंत्र तर शुद्ध हातचलाखी. हाताला आंब्याच्या आंतरसालीचा रस चोळून ठेवायचा आणि चुन्याच्या निवळीनें हात धुवायचे. पाणी पिवळें होतें. कावीळ उतरली! गळ्यांतली माळ रोज लांबते, कारण ओल्या काड्या वाळून गांठी सैल पडतात. बहुतेक कावीळ कांहीं आठवड्यांत आपोआप ओसरते, पण श्रेय माळेला. जी ओसरत नाहीं ती घेऊन रोगी डॉक्टरकडे पोंचतो तेव्हां वेळ गेलेली असते.

भविष्याविषयीं थोडक्यांत. आपल्याच वऱ्हाडांत, बुलढाणा जिल्ह्यांत भेंडवळला अक्षय्य तृतीयेस घटमांडणी होते. शेतांत अठरा धान्यें गोल मांडतात, मधल्या खड्ड्यांत पावसाच्या चार महिन्यांचीं चार ढेकळें, वर पाण्याची घागर, पापड, कुरडई, पानसुपारी. आणि दुसऱ्या पहाटे काय हललें, काय ओलें झालें तें पाहून पीकपाणी सांगतात. मांडणी देखणी आहे. पण "कोठें कमी, कोठें जास्त" असें सांगितल्यावर खोटें कसें पडणार? पंचांगांतलें नक्षत्राचें वाहन बेडूक कीं गाढव, हाही त्यांतलाच मासला. इंग्लंडांत १५ जुलैस पाऊस पडला तर पुढें चाळीस दिवस पडतो अशी म्हण आहे. तेथल्या वेधशाळेनें नोंदी पाहिल्या; चाळीस दिवसांचा हिशेब एकदांही जुळला नाहीं. ज्याला भेंडवळचें खरें वाटतें त्यानें यंदाचें भाकीत वहींत उतरून ठेवावें आणि दिवाळींत उघडावें. बियाणें मात्र त्यावर घेऊं नये.

हंसण्यावारी न्यायचा नाहीं तो प्रकार चेटकिणीचा. पंधराव्या ते अठराव्या शतकांत युरोपानें चेटूक केल्याच्या आरोपावरून सुमारें चाळीस ते पन्नास हजार माणसें मारलीं. बहुतेक बायका, आणि त्यांत गरीब, एकट्या पुष्कळ. स्वित्झर्लंडांत ॲना गोल्डी या मोलकरणीचा १७८२ मध्यें शिरच्छेद केला आणि २००८ मध्यें तिला निर्दोष ठरवलें. दोनशें सव्वीस वर्षांनीं! आपल्याकडेही करणी केली म्हणून बोट जातें तें विधवेकडेच, जिच्या नांवावर चार एकर आहे आणि मागें कोणी नाहीं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें असें बोट दाखवणें हा गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यांत खून झाला त्यानंतर तो आला, हें विसरूं नका.

त्याच कायद्यांत साप, कुत्रा, विंचू चावलेल्यास दवाखान्यांत जाऊं न देतां मंत्रतंत्र करणें हाही गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षें कैद. कोणी म्हणेल, मंत्रानें माणूस उठलेला मीं डोळ्यांनीं पाहिला. तो खोटें बोलत नाहीं. शिवारांतले बहुतेक साप बिनविषारी. जीव घेणारे मुख्य चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसें, तेही दर वेळीं विष सोडतातच असें नाहीं. जो नुसत्या पाण्यानेंही वांचला असता तो मांत्रिकाच्या नांवें जमा, आणि जो मेला तो आपल्या नशिबाच्या नांवें खर्च. असली खतावणी सावकारानेंही लिहिली नसेल! २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें बारा लाख माणसें गेलीं असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यांतलीं निम्मीं जून ते सप्टेंबरांत, म्हणजे आपल्या निंदण-डवरणीच्या दिवसांत. या चारही सापांवर चालणारें प्रतिविष आहे. घोड्यास थोडें थोडें विष टोचून त्याच्या रक्तापासून तें करतात. सरकारी दवाखान्यांत तें फुकट टोचतात.

तेव्हां जखम कापूं नका, चोखूं नका, दोरीनें आवळूं नका. हात-पाय काठीला बांधून हलूं देऊं नका, रोग्यास चालवूं नका. मण्यार रात्रीं भुईवर निजलेल्यास चावते. दुखत नाहीं, खूणही दिसत नाहीं. पहाटे पोटांत कळ आली, पापण्या जड झाल्या, तर अपचन म्हणून ओवा देत बसूं नका. १०८ ला फोन करा. गाडीला उशीर असेल तर गांवांतली गाडी लागेल. म्हणून ज्यांच्याजवळ चारचाकी आहे त्यांचीं नांवें आणि नंबर उद्यां शाळेच्या भिंतीवर लिहिणार आहें. उठण्यापूर्वीं आपापलीं नांवें सांगून जा.