नातीचे नाव आर्द्रा

(धाड येथील प्रौढ साक्षरता वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



काल वर्ग सुटला. सगळे घरी निघाले. एक आजी मात्र दारात थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, मह्या नातीचं बारसं हाये. सून म्हणते, पोरीचं नाव आर्द्रा ठेवायचं. असं कुठं नाव असतं का? गावात एकीचंबी नाही."

मी म्हणालो, "आजी, उद्या सगळ्यांसमोर सांगतो." तेच आज सांगतो.

आर्द्रा हा शब्द तुम्हांला नवा नाही. तुम्ही त्याला आडदरा म्हणता. मृग ७ किंवा ८ जूनला लागतो. तो संपला की २१ किंवा २२ जूनला आर्द्रा नक्षत्र लागते. मग पुनर्वसू, म्हणजे आपला तरणा पाऊस. मग पुष्य, म्हणजे म्हातारा पाऊस. एकेक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचे. हे गणित तुम्हांला माझ्यापेक्षा चांगले येते. पेरणी तुम्ही त्याच्यावरच करता.

नक्षत्र लागते म्हणजे काय होते? त्या दिवसांत सूर्य आकाशात त्या ताऱ्यांच्या अंगाला येतो. म्हणून पावसाळ्यात आर्द्रेचा तारा दिसत नाही. सूर्याच्या उजेडात तो झाकून जातो. तो पाहायचा तर थंडीत पाहावा. पौष महिन्यात जेवणे झाली की अंगणात या. पूर्वेकडे तोंड करा. चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल. त्याच्या मधोमध तीन तारे एका ओळीत दिसतील. तो मृग. त्या चौकोनाच्या एका कोपऱ्यावर लालसर तारा आहे. तोच आर्द्रा.

आता अर्थ ऐका. आर्द्र म्हणजे ओले. बातम्यांत हवेतील आर्द्रता सांगतात, म्हणजे हवेतला ओलेपणा. आर्द्रा म्हणजे ओली, भिजलेली. भिजलेली जमीनच बी धरते. कोरड्या ढेकळात काही उगवत नाही. माणसाचेही तसेच आहे. एखादी बाई मायेने बोलली तर आपण म्हणतो, तिच्या बोलण्यात ओलावा आहे. म्हणजे आर्द्रा या नावात पाऊस आहे आणि मायाही आहे. आजी, तुमच्या सुनेने नाव वाईट निवडले काय?

मग हे नाव कमी का आढळते? रोहिणी, अश्विनी, चित्रा, स्वाती, अनुराधा, रेवती ही सगळी नक्षत्रेच आहेत. त्या नावांच्या मुली गावोगाव आहेत. आर्द्रा मागे राहिली, याची मला दोन कारणे दिसतात. पहिले कारण, नाव उच्चारायला जड. दुसरे कारण, या नक्षत्राची देवता रुद्र मानतात. ज्योतिषात त्याला तीक्ष्ण नक्षत्र म्हणतात. म्हणून लोक बिचकत असतील. पण केरळात हे नाव मुलींना आवडीने ठेवतात. तिकडे कुणाला त्याचे भय वाटत नाही. आणि आपल्याकडे आर्द्रेचा पाऊस पडला नाही तर भय वाटते, पडला तर नाही.

नदी, झाड, फूल, तारा यांवरून मुलींची नावे ठेवणे ही आपली जुनी रीत आहे. गंगा, गोदावरी, चंद्रभागा, तुळसा, शेवंता, मैना. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे की, नक्षत्राचे, झाडाचे, नदीचे नाव असलेली मुलगी बायको करू नये. पण आपल्या आयाबायांनी ते मानले नाही. त्यांनी लेकींना गंगा म्हटले, रोहिणी म्हटले. त्या मुलींची लग्नेही झाली आणि संसारही झाले.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला लाज वाटते. पण तुम्ही आता लिहा-वाचायला शिकलात. म्हणून ती तुमच्यापुढेच सांगितली पाहिजे.

साल १९७९. मी नवा मास्तर होतो. जूनमध्ये शाळा उघडली. एक बाई सहा वर्षांची मुलगी घेऊन आली. मी दाखल रजिस्टर उघडले. विचारले, "मुलीचे नाव?"

ती म्हणाली, "आडदरा."

मला हसू आले. मी म्हणालो, "हे पावसाचे नाव झाले. पोरीचे सांग."

ती म्हणाली, "पोरीचंच हाये, गुरुजी."

मला वाटले, अडाणी बाई आहे. हिला काय कळते? मी माझ्या मनाने "आरती" असे लिहिले. मोठे सुधारणेचे काम केले असे मला वाटले. तिने विचारले, "आडदरा लिवलं ना?" मी म्हणालो, "हो, लिहिले." तिने विश्वासाने अंगठा उठवला. तिला वाचता येत असते तर तिने माझा हात धरला असता.

पुढे माझ्या बदल्या झाल्या. मी ती गोष्ट विसरलो. कितीतरी वर्षांनी एक बाई माझा पत्ता काढत आली. हातात दोन कागद होते. शाळेच्या दाखल्यावर आरती. गावच्या जन्मनोंदीच्या नकलेवर आर्द्रा. दोन कागद जुळत नव्हते. तिचे काम अडले होते. पण ती कामाचे बोललीच नाही.

ती म्हणाली, "गुरुजी, १९७२ च्या दुष्काळात माही माय रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. त्यातच तिला दिवस गेले. पुढच्या साली आडदराचा पाऊस पडला, त्या रात्री मी झाले. म्हणून तिनं ते नाव ठेवलं. ती मला घरी आडदराच म्हणायची. शाळेत सगळे आरती म्हणायचे. मला वाटायचं, मायला महं नाव नीट घेता येत नाही. मी तिच्यावर चिडायचे. मैत्रिणींसमोर तिला गप करायचे. आता माय नाही. हा कागद पाहिला तवा कळलं, ती बरोबर होती."

मंडळी, मी काय उत्तर देणार? मी एक शब्द बदलला होता. त्या एका शब्दाने लेकीला आईची लाज वाटायला लावली. आणि अडाणी कोण होते? नावाचा अर्थ त्या माउलीला ठाऊक होता. मला तो विचारावासाही वाटला नाही. मी हात जोडले. तिच्या कागदांसाठी लागेल ती धावपळ केली. पण गेलेली माय मला परत आणता आली नाही.

नाव हे एवढे मोठे असते. काही घरांत मुलगी नको म्हणून तिचे नाव नकुशी ठेवत. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावे दिली. मुलींनी ती स्वतः पसंत केली. अशी नावे बदलावीतच. पण जे नाव मायेने ठेवले आहे, ते बदलायचा हक्क मास्तराला नाही, कारकुनालाही नाही.

आता कामाच्या चार गोष्टी. मूल जन्मले की २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद झाली पाहिजे. दवाखान्यात जन्म झाला तर नोंद झाली का, ते विचारून घ्या. घरी झाला तर ग्रामपंचायतीत कळवा. नाव ठरले नसले तरी नोंद थांबवू नका. नाव मागून घालता येते. बारा महिन्यांच्या आत त्याला फी लागत नाही. पुढे पंधरा वर्षांपर्यंत फी भरून घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेत घालताना हाच दाखला पुरावा म्हणून लागतो. म्हणून दाखल्यातले नाव पहिल्यांदाच बिनचूक हवे.

चला, आता फळ्याकडे पहा. आजी, तुम्ही पुढे या. आधी आ काढा. मग द काढा. द च्या पायाशी र जोडा, झाला द्र. त्याला काना द्या, झाला द्रा. आता द्रा च्या डोक्यावर रफार द्या. वाचा पाहू. आर्द्रा.

पाहिलेत? नाव जड नाही. पाच गोष्टी ध्यानात ठेवल्या की झाले.

आजी, बारसे थाटात करा. नातीच्या कानात हेच नाव सांगा. मग ग्रामपंचायतीत जा. दाखला हातात आला की लगेच घडी घालू नका. बोट ठेवून एकेक अक्षर वाचा. रफार सुटला असेल तर तिथेच सांगा, "साहेब, हे चुकलं." सही त्यानंतर करा.

त्या माउलीला जे करता आले नाही, ते तुम्हांला आता करता येते. एवढ्यासाठीच आपण रोज संध्याकाळी इथे बसतो.

रामराम.