इनपुट बफर आणि ‘डी’ वर्गाच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज

(हीरक महोत्सवानिमित्त आयोजित माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



‘आपल्या व्यवसायातील एखादा विषय घ्या, पण तो सर्वांना समजला पाहिजे,’ अशी अट घालून संयोजकांनी मला येथे बोलावले. माझा व्यवसाय ध्वनियंत्रणेचा. त्यातील एका अगदी लहान भागाविषयी मी आज बोलणार आहे. अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी एक टप्पा असतो. त्याला इनपुट बफर म्हणतात. बहुतेक वेळा तो आवाज मुळीच वाढवत नाही. तरीही पुढच्या साऱ्या यंत्रणेला नेमके काय ऐकू येणार, हे पुष्कळ अंशी तोच ठरवतो.

विषय तांत्रिक वाटेल. पण त्यासाठी लागणारे जवळजवळ सारे ज्ञान या शाळेत दहावीपर्यंत मराठीतून शिकवले जाते. विभवांतर, विद्युतधारा, रोध आणि ओहमचा नियम, एवढ्या शिदोरीवर आपण शेवटपर्यंत पोहोचू.

प्रथम ‘डी’ वर्ग म्हणजे काय ते पाहू. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टर हा अर्धवट उघडलेल्या नळासारखा काम करतो. जेवढा संकेत, तेवढा नळ उघडा. परंतु अर्धवट उघडलेल्या नळात शक्ती वाया जाते आणि तिची उष्णता होते. ‘बी’ वर्गात आदर्श परिस्थितीतसुद्धा कार्यक्षमता ७८.५ टक्क्यांच्या वर जात नाही. ‘डी’ वर्गात ट्रान्झिस्टर पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, अशा दोनच अवस्थांत राहतो. सेकंदाला काही लाख वेळा तो उघडतो आणि मिटतो. संकेत मोठा असला की उघडा राहण्याचा काळ लांबतो, लहान असला की आखूड होतो. शेवटी एक वेटोळे आणि एक कपॅसिटर मिळून ही धडधड गाळून टाकतात व स्पीकरपर्यंत मूळ संगीत पोहोचते. उष्णता थोडीच होत असल्याने कार्यक्षमता नव्वद टक्क्यांपर्यंत जाते. येथे ‘डी’ म्हणजे ‘डिजिटल’ असा समज आढळतो, तो खरा नाही. ए, बी, सी यांच्यानंतरचे ते केवळ पुढचे अक्षर आहे.

ब्रिटनमधील सिंक्लेअर कंपनीने १९६४ मध्ये एक्स-१० नावाचा या पद्धतीचा संच बाजारात आणला. म्हणजे या तंत्राचे बाजारातील वय आणि आपल्या शाळेचे वय जवळपास सारखेच. त्या संचाची प्रत्यक्ष शक्ती अवघी अडीच वॅट होती आणि त्या काळचे ट्रान्झिस्टर एवढ्या वेगाने उघडझाप करण्यास समर्थ नव्हते. २००१ मध्ये बेल्जियममध्ये फिलिप्सच्या सेवेत असताना ब्रूनो पुत्सेस यांनी यूसीडी ही रचना सिद्ध केली आणि ‘डी’ वर्ग गंभीर संगीतश्रवणासाठी योग्य ठरू लागला. आज तो आपल्या दूरचित्रवाणी संचात, ब्लूटूथ स्पीकरमध्ये आणि मंडळाच्या गणेशोत्सवात भाड्याने येणाऱ्या यंत्रातही असतो.

आता अ‍ॅम्प्लिफायरच्या दाराशी जाऊ. मोबाइल, सीडी प्लेअर किंवा मिक्सर यांच्याकडून येणारा संकेत नाजूक असतो. अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट त्या संकेताकडून थोडी विद्युतधारा मागतो. इनपुटचा रोध मोठा असेल तर मागणी अल्प. लहान असेल तर मागणी मोठी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६ ही स्वस्त संचांतून सर्रास दिसणारी चिप घ्या. तिचे वर्धन चार पायऱ्यांत ठरवता येते. सर्वांत खालच्या पायरीवर, म्हणजे दहापट वर्धनाला, तिचा इनपुट रोध ६० किलोओहम असतो. सर्वांत वरच्या पायरीवर, म्हणजे सुमारे ६३ पट वर्धनाला, तो केवळ ९ किलोओहम उरतो. दुबळ्या संकेतावरही आवाज मोठा यावा म्हणून वरची पायरी निवडली की दाराशी उभा राहणारा भारही त्याबरोबर वाढतो.

या चिपच्या आधी आवाज कमीजास्त करण्याचे ५० किलोओहमचे बटण आहे असे समजा. ते विद्युतदृष्ट्या मध्यावर असताना दोन्ही बाजूंना २५-२५ किलोओहम असतात. समांतर जोडणीच्या सूत्राने बाहेरून दिसणारा रोध १२.५ किलोओहम होतो. आता १२.५ च्या पुढे ९ चा भार जोडला, तर विभवांतराची वाटणी होऊन शंभर भागांपैकी बेचाळीसच भाग चिपपर्यंत पोहोचतात. बाकीचे अठ्ठावन्न बटणातच राहतात.

केवळ आवाज कमी झाला असता तर बटण थोडे पुढे सरकवून भागले असते. पण इनपुटशी एक कपॅसिटरही असतो. तो रोधाशी मिळून खर्जाची खालची सीमा ठरवतो. हा कपॅसिटर ०.२२ मायक्रोफॅरडचा असेल, तर ९ किलोओहमच्या इनपुटवर ती सीमा ८० हर्ट्झला येते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची असते. म्हणजे त्या तारेचा मूलस्वर एकतृतीयांशाहून अधिक क्षीण होऊन येतो. तानपुरा ऐकू येतो, कारण त्याचे वरचे स्वरांश शाबूत असतात. पण त्याच्या पायातील माती सरकलेली असते. डग्ग्याच्या घुमाऱ्याचेही असेच होते. यातील गमतीचा भाग असा, की बटण मध्यावर आणले की त्याचा १२.५ किलोओहमचा रोध या हिशेबात मिळतो आणि तीच सीमा सुमारे ३४ हर्ट्झपर्यंत खाली जाते. बटण फिरवावे तसा आवाजाचा पोत बदलत राहतो आणि ऐकणाऱ्याला वाटते, ‘हा स्पीकरचाच दोष.’

बफर हा यावरचा उपाय. त्याचा इनपुट रोध काही लाख ओहम ठेवता येतो. त्यामुळे बटणाकडून तो जवळजवळ काहीच मागत नाही. त्याचा आउटपुट रोध मात्र अत्यल्प असतो. त्यामुळे पुढची चिप मागेल तेवढी धारा तो पुरवू शकतो. घेताना निरिच्छ आणि देताना उदार, असा त्याचा स्वभाव. बफर बसवून चिपचे वर्धन खालच्या पायरीवर आणले आणि कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा केला, तर वर सांगितलेले दोन्ही दोष नाहीसे होतात. काही उत्तम ‘डी’ वर्ग मॉड्यूल तर बफरविनाच विकली जातात. डेन्मार्कच्या प्युरिफाय कंपनीचे १ईटी४००ए हे त्यांपैकी एक. त्याचे स्वतःचे वर्धन चौपटीच्या थोडेच वर आहे, म्हणून योग्य बफर जोडणे ही उत्पादकाची जबाबदारी ठरते.

आणि इथेच बाजार सुरू होतो. बफरमध्ये ऑप-अँप नावाची एक छोटी चिप असते. ती काढून दुसरी बसवली की आवाज ‘मखमली’ होतो, ‘पडदा दूर होतो’, असे सांगून पंचवीस-पन्नास रुपयांच्या चिपच्या जागी शेकडो रुपयांची चिप विकली जाते. पालकहो, आपली मुले आज हेडफोन आणि स्पीकर यांवर बराच खर्च करतात, म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगतो.

प्रत्येक ऑप-अँपचा स्वतःचा थोडा गोंगाट असतो. तो दोन प्रकारांनी मोजतात: विभवांतराचा गोंगाट आणि धारेचा गोंगाट. एक हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात एनई ५५३२ या जुन्या, स्वस्त चिपचा विभवांतर-गोंगाट ५ नॅनोव्होल्ट, टीएल ०७२ चा १८, तर ओपीए १६१२ या महागड्या चिपचा अवघा १.१ नॅनोव्होल्ट. आकडे पाहून कोणीही शेवटचीच निवडील. परंतु तिचा धारा-गोंगाट १.७ पिकोअँपिअर आहे. ही धारा आपल्या बटणाच्या १२.५ किलोओहम रोधातून वाहते. ओहमचा नियम लावा: १.७ गुणिले १२.५, म्हणजे सुमारे २१ नॅनोव्होल्ट! बटणाचा स्वतःचा औष्णिक गोंगाट १४ नॅनोव्होल्ट आहे. हे गोंगाट काटकोन त्रिकोणाच्या बाजूंप्रमाणे वर्ग करून मिळवायचे असतात. हिशेब असा येतो: टीएल ०७२ ला सुमारे २३, एनई ५५३२ ला १७ आणि त्या महागड्या चिपला साडेपंचवीस. जिचा गोंगाट सर्वांत कमी म्हणून तिला आणले, तीच या जागी सर्वांत गोंगाटी ठरली. ओपीए १६४२ ही जेफेट प्रकारची चिप येथे १५ वर राहते, कारण तिचा धारा-गोंगाट जवळपास शून्य आहे. बटणाऐवजी समोर शंभर ओहमचा स्रोत असता, तर हाच क्रम पालटला असता आणि ओपीए १६१२ पहिली आली असती. तेव्हा ‘सर्वांत चांगली चिप कोणती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणाच्या शेजारी बसवायची?’ हे आधी विचारले पाहिजे.

याच्याही पुढचा प्रश्न, हा फरक कानाला कळतो काय? चिपचे वर्धन दहापट ठेवले आणि ९० डेसिबल संवेदनशीलतेचा नेहमीचा स्पीकर जोडला, तर वरच्या साडेपंचवीसच्या आकड्याचाही गोंगाट एक मीटर अंतरावर श्रवणाच्या उंबरठ्याखालीच राहतो. वर्धन ६३ पट असेल तर मात्र शांत खोलीत स्पीकरशी कान नेल्यावर तो जाणवू शकतो. म्हणून चांगल्या रीतीने बांधलेल्या बफरमध्ये एक बरी चिप काढून दुसरी बरी चिप घालण्यावर पैसे खर्चू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग बफरमध्ये लक्ष कशाकडे द्यावे? पहिले, त्याला पुरेसे विभवांतर मिळते का. सीडी प्लेअरचा कमाल संकेत सामान्यतः २ व्होल्ट असतो; शिखरापासून दरीपर्यंत मोजल्यास तो साडेपाच व्होल्टच्या वर जातो. पाच व्होल्टच्या चार्जरवर चालणारा बफर तो पेलू शकत नाही. शिखरे कापली जातात आणि तार सप्तकातील तान चिरकते. हे सहज ऐकू येते. दुसरे, विद्युतपुरवठ्याची स्वच्छता. शेजारीच सेकंदाला लाखो वेळा उघडझाप चालू असते. तिचे शिंतोडे बफरवर उडू नयेत म्हणून वेगळा गाळलेला पुरवठा आणि इनपुटशी उच्च वारंवारतेची गाळणी हवी.

तिसरे, गुणगुण. संगणक आणि अ‍ॅम्प्लिफायर वेगवेगळ्या ठिकाणी भूसंपर्कित असले की ५० हर्ट्झची गुणगुण तारांतून शिरते. त्यावर समतोल इनपुट हा उपाय आहे. दोन्ही तारांवर सारखीच आलेली गुणगुण वजा व्हावी, अशी त्याची योजना असते. वजाबाकी किती चोख होईल, ते चार रोधकांच्या जुळणीवर अवलंबून आहे. एक टक्का अचूकतेचे रोधक वापरल्यास प्रतिकूलात प्रतिकूल स्थितीत गुणगुण पन्नासाव्या हिश्श्यावर येते. दशांश एक टक्क्याचे वापरल्यास पाचशेव्या हिश्श्यावर. चार नेमक्या रोधकांचा खर्च नामांकित चिपच्या मानाने किरकोळ असतो आणि लाभ मात्र मागच्या रांगेत बसलेल्यालाही ऐकू येतो.

माझ्या मतावर विश्वास ठेवा, असे मी म्हणणार नाही. या शाळेने आपल्याला प्रयोगवही लिहायला शिकवले. तीच रीत येथेही लागू करावी. दोन बफर घ्या. दोहोंचा आवाज मोजून दशांश एक डेसिबलच्या आत सारखा करा, कारण किंचित मोठा आवाज माणसाला नेहमीच ‘चांगला’ वाटतो. कोणता बफर चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नका. असे सोळा वेळा करून त्याला ओळखायला सांगा. बारा किंवा अधिक वेळा तो बरोबर निघाला, तर नुसत्या अंदाजाने तसे घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. त्याला खरोखर काही ऐकू येत आहे, असे मानायला जागा आहे. आठ-नऊ वेळाच जमले, तर पैसे खिशात ठेवावेत. संगीताचा तयार कान आणि कानाची परीक्षा यांत विरोध नाही. बंदिशीतील एक श्रुती ढळली तर ओळखणाऱ्या श्रोत्याने स्वतःचीही परीक्षा घ्यायला का कचरावे?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हा प्रयोग मी सुचवतो. एक स्वस्त ‘डी’ वर्ग संच, एक ५५३२, थोडे रोधक, एक मल्टिमीटर आणि संगीत शिक्षकांकडून ध्वनिमुद्रित करून घेतलेला तानपुरा, एवढे साहित्य पुरे. खर्जाची तार बफरसह आणि बफरविना ऐका, मोजा आणि दोन्ही निष्कर्ष वहीत शेजारी शेजारी लिहा.

पालकांपैकी अनेकांच्या मनात असलेला एक प्रश्न मला ठाऊक आहे: महाराष्ट्राबाहेर राहून, फाटकाबाहेर दुसरीच भाषा कानी पडत असताना, मूल मराठीतून विज्ञान शिकले तर ते पुढे मागे पडेल का? आज आपण समांतर जोडणी, विभवांतराची वाटणी, ओहमचा नियम आणि पायथागोरसचा सिद्धांत वापरून जगभरच्या अभियंत्यांचा एक वादविषय मराठीतून तपासला. चिपांची नावे परकी होती, विचार करायला भाषा कोठे अडली नाही. तेव्हा ‘रोध’ हा शब्द या इमारतीत ज्याने शिकवला आणि त्याचे गणित फळ्यावर पुन्हा पुन्हा सोडवून घेतले, त्या प्रत्येक शिक्षकाला मी कृतज्ञतेने वंदन करतो आणि माझे भाषण संपवतो.