कालव मिटलं की समजावं काय?

सिंधुदुर्गात खाडीत आम्ही गटाच्या बाया तराफ्याखाली कालवं वाढवतो. पावसात खाडीला गोडं पाणी आलं की कालव शिंपला घट्ट मिटून घेतं. मिटलं की खाणं बंद. फार दिवस तसंच राहिलं तर मरतं, आणि आमची मेहनत पाण्यात. पण पाण्याखालचं कळावं कसं?

फ्रान्समध्ये आर्काशों इथे शास्त्रज्ञ कालवाच्या दोन्ही शिंपांना इवले, हलके सेन्सर चिकटवतात. ते कधी उघडतं, कधी मिटतं, याची रात्रंदिवस नोंद होते. कालवच पाण्याची खबर देतं म्हणा ना!

आपल्याला एवढं कुठलं परवडायला? पण खारटपणा मोजायचं साधं यंत्र तीन-चार गटांत मिळून घेता येईल. मात्र गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. म्हणून वरचं पाणी मोजून थांबू नका, कालवं लटकतात त्या खोलीवरचंही मोजा. खारटपणा उतरत चालला, तर तयार माल आधी काढून घ्या.