औषधाचे खरे नाव

(ट्रस्टच्या परिचर्या प्रशिक्षण विद्यालयात सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या दीपप्रज्वलन व शपथविधी समारंभातील भाषण)

कापडाच्या गादीवर चाळीस वर्षे बसलेल्या माणसाने परिचारिकांसमोर औषधांविषयी बोलावे, हे काहीसे विसंगत वाटेल. मी वैद्यक शिकलेलो नाही. माझे शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे. परंतु नाव, मार्का, लेबल आणि लेबलाखालचा माल यांच्याशी माझा आयुष्यभराचा संबंध आहे. शिवाय ट्रस्टच्या औषध साहाय्य केंद्राचे हिशेब गेली काही वर्षे माझ्याकडे आहेत. त्या अधिकारात नव्हे, तर एक चूक करून शहाणा झालेला माणूस म्हणून मी आपल्यासमोर उभा आहे.

गोष्ट २०११ सालची. माझे मोठे बंधू, ज्यांना आम्ही सर्वजण दादा म्हणत असू, न्यूमोनियाच्या आजारातून बरे होऊन घरी आले. त्यांना मधुमेह पूर्वीपासूनच होता. रुग्णालयातून निघताना नव्या गोळ्यांची चिठ्ठी मिळाली. घरात जुन्या गोळ्या होत्याच. वहिनींना इंग्रजी वाचता येत नसल्याने गोळ्या देण्याचे काम मी स्वतःकडे घेतले. नव्या चिठ्ठीतील गोळी आणि जुन्या पाकिटातील गोळी, दोन्हींची नावे वेगळी, रंग वेगळे. म्हणून दोन्ही औषधे वेगळी, असे मी गृहीत धरले आणि रोज सकाळी दोन्ही दिल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे दादांना दरदरून घाम सुटला, बोलणे असंबद्ध झाले. आम्हांस वाटले, अर्धांगवायूचा झटका आला.

शेजारच्या घरातील एक मुलगी त्या वेळी आपल्याच विद्यालयात दुसऱ्या वर्षाला होती. ती धावत आली. तिने प्रथम रक्तातील साखर तपासली. ती ४२ भरली. दादा शुद्धीवर आहेत आणि त्यांना गिळता येते, याची खात्री करून तिने साखरेचे पाणी पाजले. थोड्या वेळाने दादांनी मला ओळखले. मी निःश्वास सोडला; पण ती थांबली नाही. "काका, घरातल्या सगळ्या गोळ्या आणा," असे ती म्हणाली. तिने दोन्ही पाकिटे शेजारी शेजारी ठेवली आणि मोठ्या अक्षरांतील नावाखालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवले. दोन्हीकडे एकच शब्द होता : ग्लिमेपिराइड. या जातीच्या औषधाचा अंमल बराच वेळ टिकतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून दादांना लगेच रुग्णालयात न्यावे, हेही तिनेच सांगितले. दादा त्यानंतर सात वर्षे आमच्यात राहिले. बी.कॉम. झालेल्या माणसाला जे वाचता आले नाही, ते दुसऱ्या वर्षातील मुलीने वाचले. माझ्या आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे.

आपल्या शास्त्रात वस्तू समजून घेण्यासाठी नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव असे चार निक्षेप सांगितले आहेत. केवळ व्यवहारासाठी दिलेले नाव निराळे आणि वस्तूची प्रत्यक्ष स्थिती निराळी, हा विवेक त्यातून शिकावयाचा असतो. औषधाच्या बाबतीत हा विवेक जीवनमरणाचा ठरतो.

प्रत्येक औषधाला साधारणतः तीन नावे असतात. पहिले रासायनिक नाव. ते लांबलचक असून शास्त्रज्ञांच्या उपयोगाचे. दुसरे मूळ नाव, ज्याला जेनेरिक नाव म्हणतात. तिसरे व्यापारी नाव, म्हणजे कंपनीने ठेवलेला ब्रँड. मूळ नावांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९५० साली ठराव करून एक योजना आखली आणि १९५३ पासून ती अमलात आली. हे मूळ नाव कोणाच्याही मालकीचे नसते. ते साऱ्या जगाचे असते. ब्रँड मात्र त्या त्या कंपनीची मालमत्ता. आम्ही कापडवाले जसे एकाच गिरणीच्या मालावर निरनिराळे छाप पाहतो, तसेच एका मूळ औषधाचे अनेक ब्रँड बाजारात असतात. छाप पाहून कापड घेणारा फार तर पैशाला फसतो. छाप पाहून औषध देणारा मात्र रुग्णाला फसवतो, आणि तेही नकळत.

मूळ नावांत आणखी एक सोय आहे. एका कुळातील औषधांच्या नावात बहुधा एक समान अक्षरसमूह असतो. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांच्या शेवटी 'ओलॉल'. एनालाप्रिल, रामिप्रिल यांत 'प्रिल'. लोसार्टन, टेल्मिसार्टन यांत 'सार्टन'. अ‍ॅम्लोडिपिन, निफेडिपिन यांत 'डिपिन'. ग्लिमेपिराइड आणि ग्लिक्लाझाइड यांच्या आरंभीचे 'ग्लि' साखर उतरविणाऱ्या औषधांचे आहे. आडनावावरून घराणे ओळखावे तसे हे आहे. ब्रँडच्या नावावरून असे काहीही कळत नाही.

मूळ नावांतही क्वचित देशपरत्वे भेद आढळतो. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो, त्याला अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. आपले सालब्युटामॉल तेथे अल्ब्युटेरॉल होते आणि अ‍ॅड्रेनालिन एपिनेफ्रिन होते. आपल्यापैकी काहीजणी उद्या परदेशी सेवेस जातील, काहीजणी अमेरिकन पुस्तके वाचतील. त्यांनी ही जोडनावे आजच पाठ करावीत. तसेच डोपामिन आणि डोब्युटामिन, प्रेडनिसोन आणि प्रेडनिसोलोन अशी कानाला जवळची, परंतु निरनिराळी नावे वहीत वेगळी लिहून ठेवावीत.

ब्रँडच्या नावांतील साम्य तर अधिकच धोक्याचे. अमेरिकेत आम्लपित्तावरील 'लोसेक' हे नाव 'लेसिक्स' या लघवीच्या औषधाशी मिळतेजुळते ठरून घोटाळे होऊ लागले, म्हणून १९९० साली त्याचे नाव बदलून 'प्रिलोसेक' करावे लागले. आपल्याकडे 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या मलेरियावरील दोन औषधांच्या नावांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००१ साली न्यायालयाने असे तत्त्व घालून दिले की, इतर मालापेक्षा औषधांच्या नावांतील साम्य अधिक कठोरपणे तपासले पाहिजे. कारण येथील गोंधळाचे मोल प्राणाने चुकवावे लागते. डॉक्टर आणि औषधविक्रेतेही चुकू शकतात आणि या देशातील असंख्य ग्राहकांना इंग्रजी येत नाही, याचीही न्यायालयाने दखल घेतली. व्यापारी कायद्याचा एक विद्यार्थी म्हणून हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. पुढे २०१९ साली नियमांत दुरुस्ती होऊन, आपले व्यापारी नाव बाजारातील दुसऱ्या औषधाच्या नावाशी गल्लत करणारे नाही, असे हमीपत्र उत्पादकाकडून घेण्याची तरतूद झाली.

येथे कायद्याचा थोडा परिचय करून देतो. भेसळयुक्त औषधांचा सुळसुळाट झाल्यामुळे १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींच्या पायावर पुढे १९४० चा औषध कायदा आला आणि १९४५ साली त्याचे नियम झाले. केंद्रात औषध महानियंत्रक आणि आपल्या राज्यात अन्न व औषध प्रशासन, अशी त्याच्या अंमलबजावणीची व्यवस्था आहे.

ही व्यवस्था ढिली पडली म्हणजे काय होते, ते मुंबईने १९८६ साली पाहिले. जे. जे. रुग्णालयात रुग्णांना पोटातून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. लेबलावर औषधाचे नाव होते. आत औषध नव्हते. नाम होते, भाव नव्हता. ज्या परिचारिकांनी ते विश्वासाने पाजले, त्यांना काय वाटले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. म्हणून नोंदवहीत औषधाच्या नावाबरोबर बॅच क्रमांक लिहिण्याचा कंटाळा करू नका. संकटसमयी त्या एका क्रमांकावरून उरलेला माल थांबविता येतो.

लेबल वाचणे ही एक साधनाच आहे. 'शेड्यूल एच' मधील औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाही. २०१४ च्या मार्चपासून 'शेड्यूल एच-वन' लागू झाले; त्यात काही प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे व सवय लावणारी औषधे आहेत. त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद विक्रेत्याला तीन वर्षे जपावी लागते. 'शेड्यूल एक्स' त्याहून कडक. तेथे चिठ्ठीची एक प्रत विक्रेत्याने दोन वर्षे ठेवावयाची असते. सप्टेंबर २०१८ पासून एकाच मूळ औषधाच्या पाकिटावर मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा किमान दोन आकारांनी मोठ्या अक्षरांत छापणे बंधनकारक झाले आहे. हा नियम २०११ साली असता, तर कदाचित माझ्या हातून ती चूक झाली नसती. ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या पाकिटांवर क्यूआर कोडही आला आहे.

परंतु केवळ नाव जुळले म्हणजे काम संपले, असे नव्हे. नावापुढील मात्रा पाहावी. 'एसआर' सारखी अक्षरे असतील तर औषध हळूहळू सुटणारे आहे, हे ओळखावे आणि विचारल्याशिवाय ती गोळी कुटून देऊ नये. इन्सुलिनच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालावे. आपल्याकडील नेहमीच्या कुपीत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात आणि पेनच्या काडतुसात साधारणतः १००. लाल टोपणाची सिरिंज ४० ची, नारिंगी टोपणाची १०० ची. ही अदलाबदल झाली तर मात्रा अडीच पट चढते किंवा उतरते.

आता प्रश्न उरतो तो, शंका आल्यास पाहावे कोठे? पहिला आधार पाकीट आणि त्यातील माहितीपत्रक. दुसरा 'नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ. तो प्रथम १९६० साली निघाला आणि त्याची सहावी आवृत्ती २०२१ ची आहे. औषध कशासाठी, किती, कोणाला देऊ नये, दुष्परिणाम कोणते, हे त्यात मूळ नावाखाली मिळते. 'इंडियन फार्माकोपिया' हा १९५५ पासूनचा ग्रंथ औषधाचा दर्जा आणि शुद्धता ठरवितो. तो प्रयोगशाळेसाठी, खाटेजवळच्या प्रश्नांसाठी नव्हे. हे दोन्ही ग्रंथ आज गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशन प्रसिद्ध करते. तिसरी, अत्यावश्यक औषधांची राष्ट्रीय यादी. २०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत. तेवढ्यांची नावे व कुळे ओळखता आली, तरी आपला पाया पक्का होईल. कंपनीच्या प्रतिनिधीने दिलेली सुबक पुस्तिका मात्र जाहिरात म्हणूनच वाचावी. एका व्यापाऱ्याच्या तोंडून हे ऐकत आहात, तर विश्वास ठेवा. आणि रुग्णालयातील औषधनिर्मात्यास विचारण्यात कमीपणा मानू नका.

औषधाने रुग्णास अनपेक्षित त्रास झाला, तर ते कळविण्यासाठी २०१० पासून औषधसुरक्षेचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. तेथे परिचारिकाही थेट कळवू शकतात. रुग्णाच्या सर्वांत जवळ आपणच असता. आपल्या नजरेस पडते ते दुसऱ्या कोणाच्या पडत नाही.

शेवटी, एक कबुली. आपल्या केंद्रासाठी आम्ही दर तीन महिन्यांनी, जो स्वस्त देईल त्याच्याकडून औषधे घेतो. हिशेबाच्या दृष्टीने ते योग्यच आहे; पण त्यामुळे रुग्णाच्या हाती दर खेपेस नवे नाव आणि नवा रंग पडतो. एखाद्या वृद्ध मातोश्री जुन्याही गोळ्या घेत असतील आणि नव्याही. दादांच्या बाबतीत मी जे केले, तेच आमच्या काटकसरीमुळे इतरांच्या घरी घडत असेल, तर ते औषधदान कसले? म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझी नम्र विनंती आहे, की प्रत्येक रुग्णास एक पत्रिका द्यावी. तिच्यावर औषधाचे मूळ नाव मराठीत ठळक लिहावे, कशासाठी व केव्हा घ्यावे ते लिहावे आणि ब्रँड बदलल्यास "ही तीच गोळी आहे, जुनी बंद करा" असे तोंडी समजावून सांगावे. हे काम विद्यार्थिनींनी पाळीपाळीने करावे. पत्रिकांच्या छपाईचा आणि विद्यालयाच्या ग्रंथालयात फॉर्म्युलरीच्या दहा प्रती ठेवण्याचा खर्च उचलण्याची संधी या सुवर्णमहोत्सवी वर्षात मला द्यावी.

आपल्या परंपरेत वस्तू उचलताना आणि ठेवताना जीवरक्षणासाठी पाहून, जपून वागावे, असे सांगितले आहे. तिला आदान-निक्षेपण समिती म्हणतात. औषधाचा ट्रे हाती घेताना तीच जयणा पाळा. उचलताना नाव वाचा, काढताना वाचा, ठेवताना पुन्हा वाचा. त्या पहाटे एका मुलीने बारीक अक्षरांवर ठेवलेले बोट मी अजून विसरलेलो नाही. तसेच बोट आपल्या प्रत्येकीचे असावे, हीच जिनेश्वरचरणी प्रार्थना.

बोलण्यात काही अधिकउणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!