दिल्लीच्या माकडांची नातीगोती

दिल्लीत रायसीना टेकडीवरच्या सरकारी इमारतींवर हिंडणारी माकडं ऱ्हीसस जातीची. माथेरान-महाबळेश्वरची आपली लालतोंडी माकडं त्यांची चुलत भावंडं. पण दिल्लीकरांची शेपूट आखूड आणि स्वभाव बराच तापट. टोळीतला मानपान फार कडक. मुलीचा मान आईच्या खालोखाल, आणि बहिणींत सहसा धाकटीच थोरलीच्या वर! आपल्याकडच्या माकडांत मात्र नरसुद्धा एकमेकांचे केस साफ करत निवांत बसलेले दिसतात.

पण टोळीच्या एवढ्या गर्दीत माकडांनी आपलं माणूस ओळखायचं कसं? चेहऱ्यावरून, आणि आवाजावरूनही. १९३८ साली भारतातून पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावर ऱ्हीसस माकडं नेली होती. त्यांच्या वंशजांना संशोधकांनी लपवलेल्या ध्वनिवर्धकातून हाका ऐकवल्या. हाक नात्यातल्या मादीची असली, की माद्या चटकन तिकडे वळत आणि बराच वेळ बघत राहत. परकीच्या हाकेला तेवढी दाद नसे. समोर कोणी दिसत नसताना, नुसत्या आवाजावरून ही ओळख पटते, हे मला विलक्षण वाटतं.

दिल्लीला गेलात, तर माकडाच्या नजरेला नजर भिडवू नका. त्यांच्यात ती धमकी असते. आणि कृपा करून खायला देऊ नका.